बाप्तिस्म्यानंतरची वाट

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष छापली. देवाने आपल्याला कसं वळवलं हे ख्रिस्ती माणूस मंडळीपुढे सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. या साक्षीत रमाबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं आहे की बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. ज्या धर्मांतरावरून पुण्यामुंबईत वादळ उठलं, त्याविषयी खुद्द धर्मांतर करणारीच असं म्हणते, तेव्हा थांबून विचार करावासा वाटतो.

धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. का झालं, कोणी केलं, कशासाठी केलं, एवढ्यावर वाद रंगतो. ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही नव्या माणसाचं स्वागत मोठ्या उत्साहाने होतं आणि नंतर तो हजेरीपटावरचं एक नाव होऊन जातो. त्यानंतर आयुष्याची जी तीस-चाळीस वर्षं उरतात, त्यांत त्या माणसाचं काय होतं? तो वाढतो का? आणि वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? नव्या कराराला बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा याच प्रश्नाची काळजी जास्त आहे. त्यातली बहुतेक पत्रं आधीच विश्वास ठेवलेल्या लोकांना लिहिलेली आहेत आणि त्यांतल्या काहींची तक्रार हीच आहे, की तुम्ही अजून लहानच राहिलात.

करिंथची मंडळी पौलाने इसवी सनाच्या ५० च्या सुमारास उभी केली. काही वर्षांनी त्याने त्यांना जे पहिलं पत्र पाठवलं, ते वाचताना प्रथम नवल वाटतं. ही माणसं काही मठ्ठ नव्हती. त्यांच्यात वक्ते होते, ज्ञानी होते, आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, म्हणजे न शिकलेल्या भाषांतून प्रार्थना करणारे होते. तरीही पौल त्यांना दुधावरची तान्ही मुलं म्हणतो आणि त्याचं कारणही देतो. त्यांच्यात तट पडले होते. कोणी पौलाचा म्हणवून घेई, कोणी अपुल्लोसाचा, कोणी पेत्राचा. प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा खातेपिते आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणजे पौलाच्या लेखी पोरकटपणा हा ज्ञानाच्या अभावात नव्हता, तो एकमेकांशी वागण्यात होता. कोणाला किती वचनं पाठ आहेत, कोणाच्या प्रार्थनेला किती वेळ लागतो, यावरून माणसाची आध्यात्मिक उंची मोजणाऱ्यांनी हे पत्र पुन्हा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

इब्री लोकांस पाठवलेल्या पत्रातही दुधाचा दाखला आहे. तिथला लेखक म्हणतो की एव्हाना तुम्ही दुसऱ्यांना शिकवायला हवं होतं, पण तुम्हालाच अजून मुळाक्षरं गिरवून घ्यावी लागतात. प्रौढ कोण, हेही तो सांगतो: ज्यांची बरंवाईट ओळखण्याची बुद्धी वहिवाटीने तयार झाली आहे ते. इथे भर वहिवाटीवर आहे. एका रात्रीत हे येत नाही. रोज निवड करत, चुकत, परत फिरत ते अंगवळणी पडतं. आणि फिलिप्पैकरांस पत्रात, तुरुंगातून लिहिताना, खुद्द पौल म्हणतो की मी अजून पोचलेलो नाही, धावतो आहे. आणि लगेच पुढे म्हणतो की आपल्यापैकी जे प्रौढ आहेत त्यांनी असाच विचार करावा. पोचलो नाही हे ज्याला कळलं तो प्रौढ, अशी ही विलक्षण व्याख्या आहे.

पुढच्या दोन हजार वर्षांत निरनिराळ्या परंपरांनी ही वाढ निरनिराळ्या तऱ्हेने मांडली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीने ती देवाच्या जीवनात सहभागी होत जाणं म्हणून पाहिली. कॅथलिक परंपरेत संस्कारांची साथ आहे: बाप्तिस्मा, दृढीकरण, मिस्सा, पापनिवेदन. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ साली मांडलेल्या ९५ प्रमेयांतलं पहिलंच प्रमेय विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं असं सांगतं. म्हणजे पश्चात्ताप हे उंबऱ्यावरचं काम नाही, ते घरातलं रोजचं काम आहे. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याने प्रीतीत पूर्ण होण्याची आशा याच आयुष्यात धरावी असं शिकवलं. या मतभेदांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला मात्र त्यांच्यातलं एक साम्य महत्त्वाचं वाटतं. वाढ देव देतो आणि तरी माणसाला कष्ट करावे लागतात, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकदमच धरून ठेवल्या आहेत.

रमाबाईंकडे परत येतो, कारण ही वाढ इतक्या जवळून आणि इतक्या कागदपत्रांनिशी पाहायला मिळण्याची दुसरी संधी मराठी वाचकाला क्वचितच मिळते.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत गेलं आणि दुष्काळात आईवडील व बहीण उपासमारीने खंगून गेली. ज्या पुण्यासाठी सगळं खर्ची घातलं ते वेळेला धावून आलं नाही, ही जखम रमाबाईंच्या लिखाणात शेवटपर्यंत जाणवते. पुढे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवराही पटकीने गेला. चोविशी गाठण्याआधीच त्यांनी एवढं पाहिलं होतं.

ख्रिस्ताशी त्यांची ओळख तीन वाटांनी झाली. आसामातल्या सिल्चरला घरच्याच पुस्तकांत लूकचं बंगाली शुभवर्तमान सापडलं. नंतर फादर नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाने बुद्धीला पटवलं. हे गोरे म्हणजे पूर्वाश्रमीचे काशीतले चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री, तेव्हा शास्त्राला शास्त्राने उत्तर द्यायला योग्य माणूस. तिसरी वाट लंडनच्या फुलहॅम भागातली. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी तिथे समाजाने टाकलेल्या बायकांसाठी आश्रम चालवत. या बायकांना कोणी मायेने वागवताना रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. असं का वागता, म्हणून विचारलं तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोकांनी हिणवलेल्या बाईशी येशू आपुलकीने बोलतो ती, गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या मनाला तिथे ठाव सापडला. पुस्तक, युक्तिवाद आणि कृती, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या आणि बाप्तिस्मा झाला.

आणि बाप्तिस्मा होताच भांडणं सुरू झाली.

ही भांडणं पत्रांतून जपलेली आहेत. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना रमाबाई जीव लावत, मनोरमा तर त्यांच्याजवळच वाढत होती. पण रमाबाईंच्या शंका काही थांबत नव्हत्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत गळी उतरत नव्हता. इंग्लंडच्या मंडळीचे ३९ नियम हे बायबलात कुठे आहेत, असा त्यांचा सवाल. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ कसे, हाही सवाल. त्या शाकाहारी राहिल्या होत्या; अंडी घातलेलं गोड त्या खात नसत. जेराल्डीनबाईंना यात जातीचा अभिमान शिल्लक दिसला. आपण जे खात नाही ते खाण्याने आपली श्रद्धा कशी वाढेल, हे रमाबाईंना कळेना. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना, हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांना त्यांनी भाषा शिकवावी असं निघालं, तर हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी हरकत घेतली: बाईने पुरुषांना शिकवू नये, तिच्याच देशात तिचं वजन कमी होईल. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांच्या भरसभेत व्याख्यानं दिली होती तिला हे ऐकवलं जात होतं. रमाबाईंनी स्वच्छ कळवलं की आपला विवेक आपण कोणाच्या हवाली केलेला नाही.

जेराल्डीनबाईंना हा सारा अहंकार वाटला. नव्याने आलेल्या लेकराने नम्र असावं, थोरांचं ऐकावं, म्हणजे ते वाढेल, ही त्यांची धारणा. त्यांची कळकळ खोटी नव्हती. आपल्या लेकीचा पाय घसरेल ही भीती प्रत्येक ओळीत दिसते. तरी मला इथे रमाबाईंच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. आज्ञाधारकपणा आणि नम्रता यांची गल्लत मंडळ्यांमध्ये फार जुनी आहे. नवा माणूस प्रश्न विचारू लागला की पाळकाला तो मागे सरकला असं वाटतं. पण इब्री लोकांस पत्रातली ती ‘बरंवाईट ओळखणारी बुद्धी’ प्रश्न विचारल्याशिवाय तयार व्हायची तरी कशी? सांगितलेलं सगळं मुकाट मानणारा माणूस अडचण देत नाही हे खरं, पण तो अडचणीच्या वेळी उभाही राहत नाही.

दुसरीकडे, या आठ वर्षांत काहीतरी कमी होतं हेही रमाबाईंनीच सांगितलं आहे. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांसाठी काम, अमेरिकेतून जमवलेला पैसा, पुस्तकं, नाव, सगळं होतं. आत मात्र एक ओझं होतं. १८९१ मध्ये विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये अनेक वर्षं धर्मगुरू होता, चर्च बांधत होता, लोकांना उपदेश करत होता. आणि १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्याच्या लक्षात आलं की आपण सांगतो ते आपल्यालाच भेटलेलं नाही. रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. जॉन वेस्लीचीही हीच गत झाली होती. १७२८ मध्ये दीक्षा झालेला हा धर्मगुरू, मिशनरी म्हणून अमेरिकेत जॉर्जियाला जाऊन हात हलवत परत आलेला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका लहानशा सभेत त्याच्या मनाला पहिल्यांदा निश्चिंती वाटली.

रमाबाईंना काय सापडलं, हे नीट समजून घ्यायला हवं. नवा सिद्धांत सापडला नाही. देवाची क्षमा मिळवायची नसते, ती घ्यायची असते, हे त्यांनी आधी हजारदा वाचलं होतं. ते या वेळी त्यांना स्वतःपुरतं खरं वाटलं. ज्या मुलीने आईवडिलांना पुण्य जमवता जमवता उपाशी मरताना पाहिलं आणि जिने नंतर स्वतः शिकून, झगडून, काम करून आपली लायकी सिद्ध करत आणली, तिला काहीच सिद्ध करायला नको असं कोणी सांगणं ही केवढी सुटका असेल!

मग आठ वर्षं वाया गेली का? ख्रिस्ती साक्षींमध्ये असं म्हणायची रीत आहे: आधी अंधार, मग उजेड. रमाबाईंच्या स्वतःच्या मांडणीतही थोडा तो सूर आहे. माझं मत वेगळं आहे. वाँटेजला वाद घातला नसता तर १८९१ चा विश्वास त्यांचा स्वतःचा राहिला नसता, तो जेराल्डीनबाईंचा उसना विश्वास झाला असता. प्रश्न विचारणं आणि शरण जाणं ही एकाच वाढीची दोन वळणं आहेत, आणि ती कोणाच्या आयुष्यात कोणत्या क्रमाने यावीत हे बाहेरच्याने ठरवू नये.

शरण गेल्याने सगळं सुरळीत झालं असंही नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं वचन होतं. पण १८९१ नंतर रमाबाईंची प्रार्थना अधिक उघड झाली. त्या आपल्या खोलीचं दार बंद करत नसत आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये स्फोट झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांचं म्हणणं अगदीच निराधार होतं असं नाही. ज्यांनी तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवल्या त्यांना फसवल्यासारखं वाटणं स्वाभाविक होतं. पुढे रमाबाईंनी हा पेच सोडवला तो वेगळी संस्था उभी करून. केडगावचं ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती होतं.

केडगाव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. तिथे रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या पडल्या. या मुली कशा होत्या? हाडांचे सापळे, अंगभर खरूज. भुकेने कित्येकींची माणुसकी करपलेली. एकमेकींच्या पानातलं ओढून घेत, अन्न लपवून ठेवत, मारामाऱ्या करत, कृतज्ञतेचा शब्द नाही. रमाबाईंना हे ओळखीचं होतं. त्या स्वतः याच भुकेतून आलेल्या होत्या. प्रीतीची परीक्षा गोड माणसांपाशी होत नसते. रोज त्याच मुलींना न्हाऊ घालायचं, तोच आरडाओरडा, तोच वास, आणि उद्या परत तेच. पौलाने गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये सहनशीलता आणि सौम्यता घातली आहेत ती असल्या ठिकाणी कामी येतात. फुलहॅमला पाहिलेलं इथे कृपा सदन झालं, टाकलेल्या बायकांसाठी. शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

याच काळातली आणखी एक गोष्ट. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत बायकांना कसं वागवतात, यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. गव्हर्नरला ते झोंबलं, लंडनच्या पार्लमेंटपर्यंत बोभाटा झाला. सरकार ख्रिस्ती म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. १८८४ मध्ये बिशपांशी भांडणारी बाई १८९७ मध्येही तशीच होती. फरक इतकाच की आधी ती स्वतःच्या हक्कासाठी भांडली होती, आता दुसऱ्यांच्या लेकींसाठी.

शरणागती स्वभाव पुसून टाकत नाही, हे नगरच्या टिळक दांपत्याकडे पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आजही रविवारी मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. पण हा कवी शीघ्रकोपी होता, बाप्तिस्म्याआधी आणि नंतरही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते जराही झाकलेलं नाही. लक्ष्मीबाईंची वाटचाल तर मला सर्वांत शिकवणारी वाटते. वडिलांच्या घरी सोवळ्याचं वेड. १८५७ नंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांनी शुद्धतेचा ध्यास घेतला तो इतका की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. अशा घरची मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला, ती झाली नाही. काही वर्षं वेगळी राहिली. मग एकत्र आली तरी तिचा स्वयंपाक वेगळा. कोणी तिला घाई केली नाही, निदान टिळकांनी तरी नाही. हळूहळू एकेक गाठ सुटत गेली. माणसाला माणसाचा विटाळ देवाने लावला असेल का, हा प्रश्न तिने स्वतःशीच घोळवला आणि उत्तर नाही असं आलं, तेव्हा कोणाच्याही हातचं पाणी प्यायला ती तयार झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. म्हणजे रमाबाईंचा क्रम इथे उलटा: बाप्तिस्म्याच्या आधीच बरीचशी वाढ होऊन गेली होती. पुढे प्लेगच्या छावणीत त्यांनी रोग्यांची सेवा केली. देवाविषयी त्या बोलतात ते सणसणीत, घरगुती मराठीत, आणि बाप्तिस्म्यानंतर त्यांची विनोदबुद्धी जराही कमी झाली नाही.

आता या वाढीची नेहमीची साधनं कोणती, असं कोणी विचारेल. ती काही गुपित नाहीत. वचन वाचणं, प्रार्थना, उपास, मंडळीत जाणं, प्रभुभोजन, सेवा. एका साधनाविषयी मात्र थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण प्रॉटेस्टंट घरांत ते फारसं माहीत नसतं. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका १५४८ मध्ये छापली गेली. तीत दिवसाची तपासणी करण्याची रीत आहे. दिवसभरात मिळालेल्या गोष्टींसाठी आधी आभार, मग दिवसाचा एकेक प्रहर आठवायचा: कुठे मन देवाकडे ओढलं, कुठे दूर गेलं, कोणाला टोचून बोललो, कोणाचं ऐकून घेतलं. मग क्षमा मागायची आणि उद्याचा विचार करायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. चुका मोजत बसणं हा तिचा उद्देश नाही. म्हणूनच सुरुवात आभाराने आहे. वेस्लीने हेच काम दहाबारा जणांच्या गटात आणलं. दर आठवड्याला जमायचं आणि एकमेकांना विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय? इफिसकरांस पत्रात वाढ ही एकट्याची नसून सगळ्या शरीराची आहे असं म्हटलंय, त्याचा हा व्यवहारातला अर्थ. स्वतःच्या रागीटपणाची खरी बातमी माणसाला घरच्यांकडून आणि सोबत्यांकडूनच मिळते.

या वाटेवर कोरडे पट्टे येतात, हे नव्या माणसाला कोणी सांगून ठेवत नाही. प्रार्थना करावी तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, गाणी गावीत तर मन हलत नाही. मग तो घाबरतो, आपलं काहीतरी चुकलं असं समजतो. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत योहान क्रूस याने याचा मोठा विचार केला. त्याला त्याच्याच पंथातल्या लोकांनी टोलेडोत कोंडून ठेवलं होतं. तिथे त्याच्या कवितेला बहर आला. त्याचं म्हणणं असं की देव सुरुवातीचा गोडवा काढून घेतो तो माणसाला वाढवण्यासाठी. गोडव्यावरचं प्रेम आणि देवावरचं प्रेम यांची फारकत त्या अंधारात होते. कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांची खाजगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी अनेक दशकं हा कोरडेपणा सोसला. देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं आणि त्या रोज पहाटे उठून मिस्साला बसत, मग मरणाऱ्यांजवळ जात. काहींनी यावरून त्यांना ढोंगी ठरवलं. मला तर त्या पत्रांनंतर त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. संत ऑगस्टिन यांचंही आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा ३८७ मधला. दहाबारा वर्षांनी, बिशप असताना, त्यांनी आपलं आत्मकथन लिहिलं आणि त्याच्या दहाव्या भागात तरुणपणची पापं सोडून आजचे मोह सांगितले: जेवणाचा, गाण्याच्या सुरांचा, लोकांच्या स्तुतीचा. बिशपाने स्वतःच्या लोकांपुढे असं लिहावं!

उलट टोकाची गोष्ट म्हणजे उत्कट अनुभव. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठी आध्यात्मिक जागृती झाली. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत अशा जागृतीच्या बातम्या आल्या होत्या; केडगावला मुलींचे गट कित्येक महिने प्रार्थना करत होते. मग एका रात्रीपासून रडणं, पापं कबूल करणं, शेकडो जणींनी एकदम मोठ्याने प्रार्थना करणं सुरू झालं. पुढे काही मुली अन्य भाषांतून बोलू लागल्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव यामुळे घेतलं जातं. यात रमाबाईंची भूमिका पाहण्यासारखी आहे. त्यांनी हे दडपलं नाही. गोऱ्या पाहुण्यांना गोंगाट आवडला नाही तरी आपल्या मुलींनी आपल्या रीतीने प्रार्थना करावी असं त्या म्हणाल्या. पण अन्य भाषा बोलणं हीच आत्मा मिळाल्याची एकमेव खूण, हे त्यांनी मानलं नाही. स्वतःला ते दान मिळालं नसल्याचं सांगून, ज्यांना मिळालं त्यांच्यासाठी त्यांनी आनंद मानला. आपल्याला न मिळालेलं दान दुसऱ्याला, तेही आपल्याच आश्रमातल्या अडाणी पोरीला मिळालं, याचा आनंद मानता येणं; करिंथच्या त्या तान्ह्या मुलांना नेमकं हेच जमत नव्हतं.

आविलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये आत्म्याचं वर्णन सात दालनांचा वाडा म्हणून केलं. शेवटच्या दालनात पोचलेला माणूस काय करतो? वाचक समाधीची अपेक्षा करतो. तेरेसाबाई सांगतात की तो कामाला लागतो. शुभवर्तमानातल्या दोन बहिणी, राबणारी मार्था आणि प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी मरिया, तिथे हातात हात घालून असतात.

रमाबाईंचं शेवटचं काम म्हणजे बायबलाचं भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल त्यांच्या मुलींना जड जाई, म्हणून ज्यांना जेमतेम अक्षरओळख झाली आहे अशा बायकांसाठी सोपं बायबल करायचं ठरवून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि दीडएक तप बसल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. तीच आईमागे मुक्ती सांभाळणार होती. रमाबाईंनी मुद्रितं तपासायचं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

या सगळ्यात सिस्टर जेराल्डीन यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. रमाबाई त्यांना हव्या तशा ख्रिस्ती कधीच झाल्या नाहीत. इंग्लंडच्या मंडळीच्या चौकटीत त्या बसल्या नाहीत. तरी त्या दोघींमधला पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला, आणि जेराल्डीनबाईंनी म्हातारपणी ती सगळी पत्रं जमवून, लावून, टिपा देऊन ठेवली. रमाबाईंनी त्यांच्याशी कडाडून वाद घातलेली पत्रंसुद्धा त्यांनी गाळली नाहीत. १९७७ मध्ये अ. भि. शहांनी तो संग्रह संपादून प्रसिद्ध केला. वाँटेजच्या भांडणांविषयी आज आपल्याला जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक त्या संग्रहामुळे माहीत आहे.